खड्ड्यातलं बिस्कीट

पॅसिफिकमधल्या समोआत दुकानात जाऊन बिस्किटाचा पुडा मागायचा तर 'मासी' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द थेट कोळीवाड्यातला वाटतो, पण मासळीशी त्याचं काही नातं नाही. मी समोअन कोश भलत्याच शब्दासाठी चाळत होतो आणि 'मासी'पाशी अडलो. एकाच शब्दाला दोन अर्थ: बिस्कीट, आणि जमिनीत पुरून आंबवलेला नीरफणस. एक कुरकुरीत, कोरडं, पुड्यातलं. दुसरं ओलं, आंबट, वास मारणारं आणि खड्ड्यातलं. हे दोघे एका नावाखाली कसे नांदायला लागले, या कोड्याने माझे पुढचे काही महिने खाल्ले.

नीरफणस कोकण-गोव्याला नवा नाही. काप करायचे, मीठ-तिखट चोळायचं, रव्यात घोळवून तव्यावर परतायचे. आपली ओळख साधारण इथेच संपते. पॅसिफिकच्या बेटांवर मात्र नीरफणस म्हणजे पोटाचा आधार, आणि त्याची खोड अशी की हंगामात झाड लगडतं, पण पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत नासतं. त्यात चक्रीवादळ आलं की हिरवी-पिकली सगळी फळं एका रात्रीत जमिनीवर.

म्हणून खड्डा. जमीन खणून आत केळीच्या पानांचे थरावर थर लावतात, मातीचा कण आत जाता कामा नये. सोलून, गाभा काढून, जरा मऊ पडू दिलेली फळं त्यात दाबून भरतात. वरून पुन्हा पानं आणि पानांवर दगड. हवा बंद झाली की दह्याचं विरजण जे करतं तेच इथे सुरू होतं. आम्ल वाढतं आणि कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. पानं काळी पडली की बदलायची. असा खड्डा वर्षभर सहज टिकतो, नीट राखला तर कित्येक वर्षं. लागेल तेवढा गोळा काढायचा, मळायचा, पानात गुंडाळून तापल्या दगडांच्या भट्टीत भाजायचा. वासाबद्दल युरोपी पाहुण्यांनी नाकं मुरडली आहेत. शिळं चीज आवडीने खाणाऱ्यांनी ती मुरडावीत, ही गंमतच.

आता नावाकडे. समोआत आणि टिकोपिया बेटावर मासी, ताहितीत 'माही'. समोअन 'स'चा ताहितीत आणि हवाईत 'ह' होतो. समोआतलं सवाई बेट आणि हवाई हे नाव याच नियमाने जुळतात, त्यामुळे मासी आणि माही सख्खी भावंडं. मार्केसास बेटांवर आणि टोंगात नुसतं 'मा'. फिजीत 'मांद्राई'. (फिजीत 'मासी'ही आहे, पण ते झाडाच्या सालीचं कापड. त्याला या पंगतीत बसवू नये.)

पहिला तर्क कुणालाही सुचेल: फळाचंच नाव लगद्याला मिळालं असेल. पोनपे बेटावर नीरफणसाला 'mahi' लिहितात. माही! मीही क्षणभर हुरळलो. पण पोनपेच्या लिपीत तो 'h' उच्चारायचा नसतो, आधीचा स्वर लांबवायची ती खूण आहे. म्हणायचं 'माऽय'. झाला निकाल. शिवाय समोआत फळाला 'उलू' म्हणतात आणि लगद्याला मासी, दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही. आणि टोंगा-फिजीत हाच प्रकार केळ्यांचाही करतात, तरी नाव बदलत नाही. म्हणजे नाव फळाचं नाही, कृतीचं आहे. मार्शल बेटांवर नीरफणसालाच 'मा' म्हणतात, हा एक काटा उरतो. तो मी योगायोगाच्या खात्यात टाकतो आणि पुढे जातो.

मग शब्द आला कुठून? या साऱ्या भाषांचं दूरचं गोत मलायशी जुळतं. मलायमध्ये 'मासाम' म्हणजे आंबट आणि 'मासिन' म्हणजे खारट. लगदा आंबट, तेव्हा मासामच मूळ, असं बहुतेकांना वाटेल. मला नाही वाटत. समोअन, ताहितीसारख्या पॉलिनेशियन भाषा शब्दाच्या शेवटचं व्यंजन गाळतात, आतला स्वर सहसा सांभाळतात. मासिनचा 'न' गळला की मासी आयती हाती येते. मासामपासून मात्र तो 'ई' कुठून आणायचा?

यावर आक्षेप येईल की आंबट पदार्थाला खारट नाव कोण देईल? आपण देतो. लोणचं हा शब्द लवणापासून आला. आंब्याची फोड आंबट, लिंबू आंबट, पण दोन्ही टिकवली मिठाने, म्हणून नाव मिठाचं. आणि मार्शल बेटांवर आजही फळं खड्ड्यात घालण्याआधी समुद्राच्या पाण्यात भिजवतात. माझा अंदाज असा की मूळ कृतीत खारं पाणी होतंच. पुढे मोठ्या बेटांवर ती पायरी सुटली आणि नाव तेवढं राहिलं. माझ्या लेखी मासी म्हणजे नीरफणसाचं लोणचंच.

खड्डे कशासाठी, यावरही दोन पक्ष आहेत. मार्केसासचे प्रचंड सामाईक खड्डे पाहून काहींना त्यात सरदारांचा तोरा आणि मेजवान्यांची तयारी दिसते, तर काहींना बिगरहंगामाची साधी बेगमी. मला वाटतं, वादळ या दोघांना एकत्र बांधतं. कारण खड्डा वादळाआधीच भरावा लागतो असं नाही. झोडपून पडलेली फळं नासायच्या आत पुरून टाकायची, म्हणजे आज पडलेलं पुढच्या महिन्यात खाता येतं. वादळ काय करतं ते टिकोपियात दिसतं. हे सॉलोमन बेटांमधलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं बेट. १९५२च्या जानेवारीत तिथे वादळ झालं आणि पाठोपाठ उपासमार आली. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ त्याच वर्षी तिथे पोचले आणि ती टंचाई त्यांनी जवळून पाहिली. २८ डिसेंबर २००२ला 'झोई' वादळ बेटावरून गेलं. बाहेरची मदत पोचायला आठवडा लागला, तरी माणूस एकही दगावला नाही. वाऱ्यापासून जीव वाचवले ते कड्यांच्या कपारींनी. मासीला तेवढं श्रेय देण्याचा मोह मी आवरतो.

आता बिस्कीट. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांच्या जहाजांची ये-जा वाढली, पाठोपाठ मिशनरी आले. जहाजावरचं बिस्कीट दगडासारखं, बेचव, पण महिनोन्‌महिने टिकणारं. बेटकऱ्यांनी त्याला कोणत्या घरात बसवलं असेल? रंग, रूप, चव, काहीच जुळत नाही. जुळतो तो एकच गुण: ठेवणीतलं अन्न. मासी नाव त्या गुणाला चिकटलं, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

मिशनऱ्यांपुढचा पेच आणखी गमतीचा. बायबलमध्ये पदोपदी ब्रेड, आणि बेटांवर गव्हाचा दाणा नाही. मराठी बायबलने 'भाकर' घेऊन प्रश्न मिटवला. फिजीत खड्ड्यातली 'मांद्राई' घेतली, टोंगात 'मा'. म्हणजे वादळासाठी पुरून ठेवलेला आंबट गोळा थेट प्रभूच्या मेजावर गेला. समोआच्या भाषांतरकारांनी मात्र मासीला हात लावला नाही. त्यांनी ग्रीक 'आर्तोस' उचलून 'आरेतो' घडवला. वासामुळे की बिस्किटामुळे? माझा संशय बिस्किटावर.

पुढे तांदूळ आला, डबाबंद मासे आले, वादळानंतर मदतीची जहाजं येऊ लागली आणि खड्डे विरळ झाले. आपल्याकडे धान्याच्या पेवाचं तेच झालं. जमिनीखालचं पेव गेलं आणि 'क्लासेसचं पेव फुटलंय' एवढंच तोंडी उरलं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. त्यातल्या कितीतरी पेवांत २००५च्या महापुराचं पाणी शिरलं. मासीचा खड्डा निदान वाऱ्याला तरी घाबरत नाही.

फिजीत आज 'मांद्राई' मागितली तर बेकरीतला पांढरा पाव मिळतो. खड्ड्यातली हवी असेल तर 'मांद्राई नि विती', फिजीची मांद्राई, असं फोड करून सांगावं लागतं. ब्रॉयलर आल्यावर आपल्या कोंबडीला 'गावठी' म्हणावं लागलं, तसंच. समोआत तेही करता येत नाही. तिथे 'मासी समोआ' मागितली तर हातात खोबऱ्याचं गोड बिस्कीट पडतं.