मोटार ‘टोटल लॉस’ ठरते तेव्हा...

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि हजारो वाहने पाण्याखाली गेली. असा जलप्रलय असो वा महामार्गावरील भीषण अपघात, मोटारीचे नुकसान एका मर्यादेपलीकडे गेले की विमा कंपनीकडून ‘टोटल लॉस’ हा शब्द कानी पडतो. त्यापाठोपाठ येतो तो भरपाईच्या रकमेचा वाद. वर्षानुवर्षे हप्ता भरूनही हाती पडणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी असते. कंपनीने सांगितलेला आकडा म्हणजे अंतिम शब्द, अशा समजुतीने अनेक विमाधारक सही करून मोकळे होतात. वस्तुतः हा आकडा कसा ठरावा, याचे नियम पॉलिसीतच नमूद असतात.

भरपाईचा पाया : आयडीव्ही

‘आयडीव्ही’ म्हणजे विमाधारकाने घोषित केलेले वाहनाचे मूल्य. एकूण हानी झाल्यास मिळणाऱ्या भरपाईचा हाच पाया. उत्पादकाने त्या मॉडेलची जाहीर केलेली विक्री किंमत घेऊन त्यातून वाहनाच्या वयानुसार घसारा वजा केला जातो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, असे प्रचलित कोष्टक आहे. पाच वर्षांवरील वाहनाचे मूल्य कंपनी व विमाधारक यांच्या संमतीने ठरते.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. पॉलिसीच्या प्रारंभी ठरलेले हे मूल्य संपूर्ण मुदतीत वाहनाचा बाजारभाव मानले जाते आणि एकूण हानीच्या दाव्यात त्यातून पुन्हा घसारा वजा करता येत नाही. त्यामुळे ‘जुन्या गाड्यांच्या बाजारात या मोटारीला एवढी किंमत येत नाही’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात जीपचा विमा ३ लाख ५४ हजार रुपयांचा होता. कंपनीने मात्र जवळपास निम्मीच हानी मान्य केली होती. स्वतः स्वीकारलेल्या आणि ज्यावर हप्ता आकारला त्या मूल्यापासून कंपनीला मागे फिरता येणार नाही, असे सांगत न्यायालयाने सात महिन्यांच्या वापरापोटी केवळ १० हजार रुपये वजा करून ३ लाख ४४ हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी कमी आयडीव्ही स्वीकारली असेल, तर नंतर वाढीव किमतीचा आग्रह धरता येत नाही. रस्ताकर व नोंदणीचा खर्चही आयडीव्हीत धरलेला नसतो. खरेदीच्या पावतीएवढी रक्कम हवी असल्यास ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडकलम आधीच घ्यावे लागते.

७५ टक्क्यांची रेषा

मोटार परत आणणे व दुरुस्त करणे यांचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती एकूण हानी समजली जाते. आठ लाख रुपये किमतीच्या, अडीच वर्षे जुन्या मोटारीची आयडीव्ही ५ लाख ६० हजार रुपये होते. तिच्यासाठी ही रेषा ४ लाख २० हजारांवर येते.

बहुतेक वाद याच रेषेभोवती घडतात, कारण हा खर्च पॉलिसीच्या अटींना अधीन राहून मोजला जातो. सर्वसाधारण पॉलिसीत रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर वयानुसार घसारा लागतो. गॅरेजचा अंदाज साडेचार लाखांचा असला, तरी घसारा वजा जाता तो रेषेखाली येऊ शकतो. मग कंपनी केवळ दुरुस्तीचा दावा मान्य करते आणि उरलेला भार मालकावर पडतो. म्हणून कोणते भाग बदलावयाचे व कोणते दुरुस्त करावयाचे, याची सर्वेक्षकाने केलेली यादी ओळीने तपासणे हिताचे ठरते. मोटार उघडल्यावर लपलेले नुकसान आढळल्यास पुरवणी अंदाज सादर करून फेरतपासणी मागावी.

भंगाराचा हिशेब

मोडलेल्या मोटारीची उरलेली किंमत हा वादाचा दुसरा मुद्दा. वरील मोटारीचे अवशेष दीड लाखाचे ठरले आणि ते मालकाने स्वतःकडे ठेवले, तर कंपनीकडून ५ लाख ६० हजार वजा दीड लाख आणि वजा अनिवार्य कपात एवढीच रक्कम मिळते. ही कपात १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस १ हजार आणि त्यावरील मोटारीस २ हजार रुपये असते. अवशेषांची किंमत फुगवली की भरपाई आपोआप घटते. तेव्हा ही किंमत कोणत्या बोलीवरून ठरली, हे लेखी विचारावे आणि त्या किमतीस खरेदीदार आणून देण्याची मागणी करावी.

अवशेष विकताना नोंदणी आपल्या नावावर राहू देऊ नये. नोंदणी ज्याच्या नावे, तोच मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वाहन कायमचे निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ अन्वये चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. मोटारीवर कर्ज असल्यास भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो.

दाद कोठे मागावी?

सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घेणे ही पहिली पायरी. हा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आकडेवारीसह लेखी हरकत नोंदवावी. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते.

कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात वा न्यायालयात प्रलंबित असल्यास लोकपाल तो हाती घेत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विमाधारक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत दाद मागू शकतो. आयोगाचे अधिकारक्षेत्र भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे येथे हप्त्यावर ठरत असल्याने मोटारविम्याचे वाद बहुधा जिल्हा आयोगातच चालतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही.

‘पूर्ण व अंतिम’ भरपाई मिळाल्याच्या पावतीवर सही झाली म्हणजे सारे दरवाजे बंद झाले, असेही नाही. अशा सहीमुळे वाढीव भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असे विमा नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावले होते. तरीही रक्कम मान्य नसल्यास ‘हरकत राखून स्वीकारली’ असा शेरा लिहूनच सही करणे श्रेयस्कर. पॉलिसी, हप्त्याची पावती, छायाचित्रे, गॅरेजचे अंदाजपत्रक आणि कंपनीशी झालेला सारा पत्रव्यवहार जपून ठेवावा. तोंडी आश्वासनांपेक्षा तारीखवार कागद हाच अशा वादात विमाधारकाचा खरा आधार असतो.