नंबर कोणाच्या मागे?

‘नंबर’ हा शब्द इंग्रजी आहे, हे आपण जवळजवळ विसरलोच आहोत. मूळ भाषेत तो आकडा, संख्या. मराठीत मात्र त्याने क्रमाची सगळी कामे अंगावर घेतली. परीक्षेत नंबर येतो, डॉक्टरांकडे नंबर लागतो, आणि मटणाचा रस्सा ‘एक नंबर’ होतो. सिलिंडरचे बुकिंग आता मोबाइलवरून होते, तरी घरात विचारतात ते ‘गॅसला नंबर लावलास का?’ असेच. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द होता, ‘पाळी’. पण तो कारखान्याच्या भोंग्याकडे गेला आणि बायकांच्या बोलण्यात त्याला दुसराच अर्थ चिकटला. चारचौघांत ‘नंबर’ सोयीचा पडला तो त्यामुळेच असावा, असे मला वाटते.

हा शब्द खेड्यापाड्यांत रुजवण्यात जमीनमोजणीचा वाटा मोठा. १८३६ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात इंग्रजांची नवी जमाबंदी लागू झाली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेताला सर्व्हे नंबर मिळाला. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचा ‘लंबर’ झाला. सातबारा तरी काय? गाव नमुना नंबर सात आणि गाव नमुना नंबर बारा. सरकारी कागदाचे दोन आकडे, पण त्यांच्यासाठी भावाभावांत डोकी फुटतात.

आमच्या कल्याणच्या शेजारी तर अख्खे शहर नंबरांवर वसले. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले गेले, पण कॅम्प नंबर एक ते पाच हे आकडे काही गेले नाहीत. रिक्षावाल्याला आजही ‘तीन नंबर’ म्हटले की पुरते. गाव, मोहल्ला, घर मागे टाकून आलेल्या माणसाचा पत्ता बराक नंबर आणि खोली नंबर एवढाच उरला होता.

नंबर माणसाचा आकडा करून टाकतो, ही तक्रार म्हणूनच खोटी नाही. पण नंबराच्या आधी आपल्याकडे क्रम ठरत असे तो मानाने. पोळ्याला आधी पाटलाचे बैल, होळीला पहिली पोळी पाटलाची. पाटीलकीची वाटणी झाली की कोणता मान कोणाकडे, यावरून तंटे गोतसभेपर्यंत जात. जुने महजर त्यांनी भरले आहेत. आणि ज्यांना पाणवठ्यावर पायच ठेवू देत नव्हते, त्यांचा नंबर शेवटचासुद्धा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते ही व्यवस्था मोडण्यासाठी. नंबर एवढेच विचारतो, आधी कोण आले? तो आडनाव विचारत नाही. (ओळखीपाळखीने मागच्या दाराने लागणारे नंबर मलाही ठाऊक आहेत. पण त्याला आपण लबाडी म्हणतो, मान म्हणत नाही, हा फरक आहेच.)

रेल्वेलाही नंबर नीट लावायला वेळ लागला. दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि पश्चिम रेल्वेचा वेगळा. नवखा माणूस हमखास चुकायचा. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून मोजू लागले.

लोकलच्या डब्यात मात्र नंबराला पाटी लागत नाही की टोकन लागत नाही. संध्याकाळच्या कल्याण गाडीत, बायकांच्या डब्यात, उभी असलेली बसलेलीला विचारते, ‘कुठे उतरणार?’ ‘ठाणे.’ ‘मग तुमच्या जागी मी हं.’ झाले, नंबर लागला. मागून तिसरी येते, तोच प्रश्न विचारते, ‘दिलीय’ एवढे उत्तर ऐकते आणि निमूट पुढच्या सीटकडे वळते.