पुस्तकात नसलेला धडा



स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा सहलींवर आणि गॅदरिंगवर लिहावे असे आधी वाटले होते. पण त्या आठवणी बरेच जण लिहितील. मला आठवतो तो इतिहासाचा तास. 'औद्योगिक क्रांती' हा धडा आपण घोकून पाठ केला होता. जेम्स वॅट, वाफेचे इंजिन, मँचेस्टरच्या गिरण्या! त्याच वेळी शाळेपासून थोड्याच अंतरावर उद्यमनगरात लेथ फिरत होते, भट्ट्या पेटत होत्या आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील तिथेच राबत होते. त्यावर पुस्तकात एक ओळही नव्हती. आपणही कधी विचारले नाही.

कोल्हापूरजवळ ना लोखंडाची मोठी खाण, ना कोळशाची. मग इथे ओतकाम रुजले कसे? उत्तर पंचगंगेच्या काठी, उसाच्या फडात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार वाढला. पाठोपाठ 1906 मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. गुऱ्हाळे वाढली तशी उसाच्या चरकांची गरज वाढली. ऐन हंगामात चरकाचा दात तुटला, तर तो दुरुस्त करायला मुंबईला पाठवून कसे चालेल? रस नासणार, शेतकरी बुडणार. म्हणून दुरुस्ती करणारे मेस्त्री इथेच तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटा भाग ओतायला शिकले, पुढे अख्खे यंत्र. नदीचे पाणी उपसायला ऑइल इंजिने हवी झाली, तीही इथे बनू लागली. गावोगावी वीज आली, विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी ओसरली. तेव्हा याच हातांनी मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे भाग ओतायला घेतले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती त्यावर वाढल्या.

शेतीच्या गरजेतून कारखाना, ही वाट आपल्या मुलखात नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभारली, ती लोखंडी नांगरासाठीच. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखानाही आधी नांगर आणि मग डिझेल इंजिन, याच क्रमाने गेला.

आपल्या जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांकडे बघा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग लावला आणि जहागिरीचे गाव मागांचे शहर झाले. हुपरीत चांदीचे पैंजण. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. इथे सगळे काम एका छपराखाली होत नाही. इचलकरंजीत सायझिंग एकाकडे, विणकाम दुसऱ्याकडे. हुपरीत एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी घुंगरू होते, तिसऱ्या घरी उजळणी. उद्यमनगरात लाकडी पॅटर्न एका दुकानात, ओतकाम दुसरीकडे, लेथचे काम तिसरीकडे. गावच कारखाना असते. म्हणून मालक बदलले, मंदी आली, तरी धंदा गाव सोडून सहसा जात नाही. कसब माणसांच्या हातात असते आणि माणसे शेजारी राहतात.

हे कसब किती बारीक असते, ते मला फार उशिरा कळले. माझे वडील मोल्डर होते. मुठीत वाळू दाबून ती मोडली, की ओल बरोबर आहे का हे ते सांगत. बीड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ होते. शाळेच्या फॉर्मवर मात्र वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' एवढेच लिहीत असे. डॉक्टर-वकिलांच्या मुलांशेजारी बसताना 'मोल्डर' लिहायची लाज वाटायची. पालकसभेला ते हातावरचे भाजल्याचे डाग झाकायला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येत. ती लाज त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, हे आज कळते. आता विचारायला ते नाहीत.

धुळीने आणि उष्णतेने त्या पिढीची फुप्फुसे झिजवली, हेही विसरू नये. चपला घडवणाऱ्या हातांना तर गावाने वेशीबाहेरच ठेवले होते. त्यांच्या नावानेच आज आपण जगात ओळखले जातो.

म्हणून एक विनंती. मेळाव्याला येताना माळ्यावरचे शोधून आणा. जुना पॅटर्न, हिशेबाची वही, कारखान्यासमोरचा फोटो, काहीही. ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसून कामाबद्दल विचारा आणि लिहून ठेवा. शाळेच्या सभागृहात एक टेबल त्यासाठी मांडू. आपल्या पुस्तकात नसलेला तो धडा निदान पुढच्या मुलांना तरी वाचायला मिळेल.