लघवीतला अमोनिया येतो कुठून?

लघवीतला बहुतेक सगळा अमोनिया मूत्रपिंडातच तयार होतो, हे आज शरीरक्रियाशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. ते निर्विवाद ठरायला मात्र 1877 ते 1943 एवढा काळ गेला, आणि वाटेत भल्याभल्यांचे तर्क चुकले.

मूळ प्रश्न आम्लाचा होता. प्रथिनांतल्या गंधकापासून शरीरात सल्फ्युरिक आम्ल बनते. नेहमीच्या मिश्र आहारावर अशा न उडणाऱ्या आम्लांची रोजची भर वजनाच्या किलोमागे साधारण 1 मिलिमोल असते. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो, या आम्लांना ती सोय नाही. लघवीचा पीएच 4.5 च्या फारसा खाली जात नाही, आणि तेवढ्या आंबट लघवीतही मोकळे आम्ल लिटरमागे जेमतेम 0.03 मिलिमोल असते. म्हणजे आम्ल बाहेर न्यायला दुसरे कोणीतरी हवे. थोडे काम फॉस्फेट करते, मोठा वाटा अमोनियाचा.

याचा पहिला ठोस पुरावा 1877 मध्ये फ्रीडरिश वाल्टर याने दिला. त्याने ससे आणि कुत्री यांना हायड्रोक्लोरिक आम्ल पाजले. सशांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घसरला आणि ते दगावले. कुत्र्यांनी तेच आम्ल बऱ्यापैकी पचवले, त्यांच्या लघवीत अमोनिया मात्र वाढला. मांसाहारी प्राण्याकडे असलेला बचाव गवत खाणाऱ्याकडे तोकडा पडतो, असा निष्कर्ष निघाला. 1880 मध्ये हालरफोर्डेन याला मधुमेहाच्या रुग्णांच्या लघवीत हाच वाढलेला अमोनिया दिसला. मग त्यामागे एखादे आम्ल असणारच, असा शोध सुरू झाला आणि 1884 मध्ये मिंकोव्स्की याने बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल ओळखले. अमोनिया मोजून मधुमेह किती बळावला हे ठरवण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. गंमत अशी, की आजच्या बहुतेक रुग्णालयांत लघवीतला अमोनियम थेट मोजतच नाहीत. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांच्या आकड्यांवरून त्याचा अंदाज बांधतात.

अमोनिया यकृतातून येतो, असे त्या काळी सर्वमान्य होते. एरवी ज्याचा युरिया झाला असता तो अमोनिया आम्लाच्या वेळी तसाच राखला जातो, रक्तातून मूत्रपिंडाकडे येतो आणि गाळून बाहेर पडतो, अशी ती मांडणी. न्यू यॉर्कमधील थॉमस नॅश आणि स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी 1921 मध्ये ती मोडीत काढली. कुत्र्यांच्या रक्तात अमोनिया अगदी नगण्य होता, आम्ल दिल्यावरही तो वाढत नव्हता, आणि मूत्रपिंडे काढून टाकली तरी साचत नव्हता. उलट मूत्रपिंडातून परतणाऱ्या शिरेत तो धमनीपेक्षा जास्त होता. अमोनिया तिथेच बनत होता. तो युरियापासून बनत असावा हा त्यांचा पुढचा कयास मात्र फसला.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन याने स्वतः नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पिऊन रक्त आम्लधर्मी केल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. यकृत त्यातल्या अमोनियाचा युरिया करते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मागे उरते. धाप लागलेला हाल्डेन त्याचा पुरावा होता. 

अमोनियाचा कच्चा माल कळायला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची ओळख पटावी लागली. 1935 मध्ये हान्स क्रेब्स याने मूत्रपिंडाच्या ऊतीत ग्लुटामिन फोडणारे विकर दाखवले. 1943 मध्ये रॉकफेलर संस्थेतील डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि सहकाऱ्यांनी आम्लग्रस्त कुत्र्यांत हिशेब जुळवला: मूत्रपिंडाने रक्तातून उचललेल्या ग्लुटामिनमधून लघवीतल्या अमोनियाचा निम्म्याहून अधिक भाग निघत होता. दोनच वर्षांनी रॉबर्ट पिट्स याने दाखवले की नुसत्या गाळण्याने लघवीतल्या आम्लाचा हिशेब लागत नाही. नलिकांच्या पेशी हायड्रोजन आयन स्वतः स्रवतात.

या दोन शोधांची सांगड घालून बनलेले चित्र देखणे होते: पेशी अमोनिया सोडते, तो हायड्रोजन आयनाला धरतो आणि अमोनियम होऊन वाहून जातो. 1980 च्या दशकात डॅनियल ॲटकिन्सन याने त्यावर बोट ठेवले. शरीराच्या पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया आधीच अमोनियमच्या रूपात असतो. मग तो नवे आम्ल काय पकडणार? आक्षेप रास्त होता. खरी कमाई ग्लुटामिनच्या उरलेल्या सांगाड्याची. तो जाळला गेला की रक्ताला दोन बायकार्बोनेट मिळतात. पण सोबत निघालेले दोन अमोनियम लघवीतून बाहेर पडले तरच ही कमाई टिकते. ते रक्तात परतले तर यकृत त्यांचा युरिया करताना तेवढेच बायकार्बोनेट खर्ची घालते. हाल्डेनच्या शरीरात नवसागराने नेमके हेच केले होते.

त्यामुळे अमोनियमची वाट महत्त्वाची ठरली. मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या हेन्लेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात तो पोटॅशियमच्या जागी शिरून वाहकातून आत घेतला जातो आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यात साठतो. तिथून संग्राहक नलिकेत अमोनिया आपोआप झिरपतो, असे बराच काळ मानले गेले. 2000 नंतर तिथे रक्तगटाच्या आर-एच प्रथिनांचे नातेवाईक अमोनिया नेताना सापडले. त्यांतले आरएचसीजी हे प्रथिन नसलेल्या उंदरांना आम्ल दिल्यावर लघवीत पुरेसा अमोनियम सोडता येत नाही आणि त्यांचे रक्त आम्लधर्मी होते, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.