न्यू हॅम्पशायर, 1968 : मतदारांचा कौल आणि त्याचा अर्थ

अमेरिकेच्या राजकीय इतिहासात 12 मार्च 1968 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यात झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीला विशेष स्थान आहे. व्हिएतनाम युद्धाचे विरोधक सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना सुमारे 42 टक्के, तर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना सुमारे 49 टक्के मते मिळाली. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. मतदारांनी ते स्वहस्ते लिहावयाचे होते. तरीही पराभव त्यांचाच मानला गेला. 16 मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले आणि 31 मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली.

हा युद्धविरोधाचा कौल होय, असा समज तत्काळ रूढ झाला. दाढ्या काढून, केस कापून घरोघरी फिरलेल्या विद्यार्थ्यांनी या समजास बळ दिले. परंतु प्रचार करणारे आणि मत देणारे हे दोन निराळे वर्ग होते, याकडे दुर्लक्ष झाले. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचा आधार मँचेस्टरसारख्या गिरणीशहरांतील फ्रेंच-कॅनडियन व आयरिश वंशाचा कॅथलिक श्रमिकवर्ग होता. विद्यापीठीय शांतता चळवळीशी त्याचे फारसे नाते नव्हते.

मिशिगन विद्यापीठातील फिलिप कॉन्व्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातून वेगळेच चित्र समोर आले. मॅकार्थींच्या मतदारांत जॉन्सन यांच्या युद्धनीतीवर नाराज असणारे पुष्कळ होते. मात्र सैन्य परत बोलवावे असे म्हणणाऱ्यांपेक्षा हनोईविरुद्ध अधिक कठोर व्हावे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तिनास दोन असे अधिक होते. जानेवारी अखेरच्या टेट आक्रमणानंतर युद्ध जिंकले जात असल्याच्या सरकारी ग्वाहीवरचा विश्वास उडाला होता. त्यातून उपजलेला रोष शांततावादी उमेदवाराच्या पदरात पडला.

पक्षयंत्रणेनेही या रोषात भर घातली. मतदारांकडून क्रमांक घातलेली वचनपत्रे भरून घेण्यात आली आणि त्यांचा एक भाग व्हाइट हाउसकडे पाठविला जाणार होता. गुप्त मतदानाची सवय असलेल्या लोकांना हा प्रकार रुचला नाही, आणि मॅकार्थींच्या प्रचारकांनी त्याचा पुरेपूर वापर केला.

अर्थात हे विश्लेषण हाती येईपर्यंत निर्णय होऊन गेले होते. केनेडींची उमेदवारी, जॉन्सन यांची माघार आणि प्राथमिक निवडणुका न लढविताही ऑगस्टमध्ये शिकागो अधिवेशनात ह्युबर्ट हम्फ्री यांना मिळालेली उमेदवारी, या सर्व घटना मार्चमधील त्या पहिल्याच अर्थाच्या छायेत घडल्या.