मोटारीच्या मागच्या कमानी

१९८२ सालीं गडचिरोली जिल्हा ज्यांतून वेगळा झाला, त्या चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्याच्या अरण्यांतून सागवानाची वाहतूक पिढ्यान् पिढ्या बैलगाडीनें होत असे. त्या गाडीला कमान नसे. आंसावर साटा, साट्यावर ओझें. वाटेंतला प्रत्येक दगड गाडीवानाच्या पाठीला कळे. तिच्या बांधणींत एक वेळ मोठ्या जोखमीची होती. लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवी व पाण्यानें निववी. निवतांना धाव आकसे, आणि सारें चाक घट्ट होई.

इंग्लंडांत ओबडाया इलियट यानें १८०४ सालीं कमानीच्या घोडागाडीचें पेटंट घेतलें. पोलादाचे लहानमोठे पाटे एकावर एक रचले, म्हणजे ते वांकून हिसका सोसतात व परस्परांवर घांसून उसळी शमवितात. हीच युक्ति पुढें मोटारींत आली. मुंबईस माझगांव येथें १९४९ सालीं जुळविलेल्या विलिस जीपच्या चारी चाकांशीं असेच पाटे होते. अरण्यांतील खांचखळग्यांना अशीच साधी व दणकट रचना मानवते.

वेगाच्या हौसेखातर बनविलेल्या लहान मोटारींत मात्र निराळी रचना आली. १९६२ च्या ट्रायंफ स्पिटफायरला मागें एकच आडवी कमान असून तिच्या दोन टोकांशीं दोन्ही चाकें स्वतंत्रपणें झुलत. मद्रासेस १९६१ पासून निघूं लागलेल्या स्टँडर्ड हेरल्डची मागची बाजूही याच धर्तीची होती. भरधांव वळतांना असें चाक आंत दुमडण्याची भीति असे. मद्रासच्या कारखान्यानें १९७२ च्या गॅझेलमध्यें ही रचना सोडून अखंड आंस व लांबीच्या दिशेनें बसविलेल्या दोन कमानी घेतल्या.

जुनी स्पिटफायर खोलून पुन्हां जुळवितांना कमानीवरील ताण आधीं उतरवावा लागतो, आणि कोणता भाग कोणत्या बाजूचा, याची खूण करावी लागते. खरी कसोटी शेवटीं असते. कमानीच्या टोकांत व चाकांना पुढेंमागें सरकूं न देणाऱ्या दांड्यांत रबरी बुश असतात. गाडी उचललेली असतांनाच त्यांचे बोल्ट आवळले, तर ती खालीं येतांच रबर पिळलें जातें, लवकर फाटतें, आणि वेगांत गाडीचा तोल बिघडतो. म्हणून बोल्ट हातानें बसवावे, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढेंमागें ढकलून कमानी बसूं द्याव्या, व मगच पान्यानें आवळावें.

धाव चढविणाऱ्या लोहाराला हें वेगळें सांगावें लागलें नसतें. सांधा आवळतांना बळाइतकीच वेळही पाहावी लागते. बसणाऱ्याचा जीव त्याच सांध्यावर असतो.