पॅक-मॅन आणि मिझ पॅक-मॅन : एका उत्तरभागाचा इतिहास

लोकप्रिय ठरलेल्या खेळाच्या नावावर आणि नियमांवर पुढचा खेळ उभारायचा, ही उत्तरभागाची रीत व्हिडिओ गेमच्या व्यवसायात १९७० च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाली. तैतो या जपानी कंपनीने १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा दुसरा भाग पुढच्याच वर्षी बाजारात आणला, आणि नामको कंपनीच्या ‘गॅलॅक्सियन’चा (१९७९) वारसा ‘गॅलागा’ने (१९८१) इतक्या समर्थपणे चालवला की पहिल्या खेळाचे नाव हळूहळू मागे पडले. या सुरुवातीच्या उत्तरभागांमध्ये १९८२ चा ‘मिझ पॅक-मॅन’ मात्र अगदी वेगळ्या कुळातला आहे. तो मूळ खेळाच्या कर्त्यांनी रचला नाही, त्यांच्या कंपनीतही घडला नाही, आणि त्याची सुरुवात उत्तरभाग म्हणून झालीच नाही; तरीही मूळ खेळाहून सरस ठरलेल्या उत्तरभागांची चर्चा निघते तेव्हा त्याचे नाव बहुधा अग्रभागी असते. त्याच वर्षी मूळ कर्त्याने स्वतः रचलेला उत्तरभागही आला होता आणि त्याला तशी लोकप्रियता लाभली नाही, ही गोष्ट या इतिहासाला अधिक विचार करण्याजोगी बनवते.

‘पॅक-मॅन’ नामकोने १९८० मध्ये जपानमध्ये काढला, तेव्हा त्याचे नाव ‘पक-मॅन’ होते. इंग्रजी अक्षरांतील थोड्या खोडसाळ फेरफाराने त्याची शिवी होईल या भीतीने अमेरिकेत ते बदलण्यात आले. त्याचे रचनाकार तोरू इवातानी यांचा हेतू स्पष्ट होता. आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांमध्ये, त्या काळी गोळीबाराचे आणि परग्रहवासीयांच्या आक्रमणाचे खेळ भरलेले असत आणि गर्दी मुख्यतः पुरुषांची असे. तिथे स्त्रियांनी आणि जोडप्यांनीही यावे म्हणून इवातानी यांनी मारण्याऐवजी खाणे ही क्रिया खेळाच्या केंद्रस्थानी ठेवली. खेळाडूच्या हाती एकच जॉयस्टिक, बटण एकही नाही. पडद्यावर एकच भुलभुलैया, त्यात २४० लहान ठिपके आणि चार मोठे. मोठा ठिपका खाल्ला की पाठलाग करणारी चार भुते काही क्षण निळी पडतात आणि शिकारी व शिकार यांची अदलाबदल होते.

या खेळाची खरी करामत त्या चार भुतांच्या स्वभावांत आहे. लाल भूत खेळाडू असेल त्या जागेवर चालून येते, तर गुलाबी भूत त्याच्या चार घरे पुढची जागा हेरून त्याला समोरून अडवू पाहते. निळसर भुताची चाल लाल भुताच्या आणि खेळाडूच्या स्थानांवरून मिळून ठरत असल्याने ती ओळखणे सर्वांत अवघड असते. नारिंगी भूत दूर असताना पाठलाग करते आणि आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. चौघे सतत अंगावर येत राहिले तर खेळ गुदमरवणारा होईल, हे जाणून इवातानी यांनी पाठलाग आणि माघार यांच्या आलटून पालटून येणाऱ्या लाटा ठेवल्या, आणि त्यामुळे खेळाला श्वास घ्यायला जागा मिळाली. इतक्या थोड्या नियमांतून इतके जिवंत वाटणारे वर्तन उभे करणारा खेळ त्याआधी झाला नव्हता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मात्र या नियमबद्धतेतच खेळाची मर्यादाही होती. भुतांच्या चाली पूर्णपणे नियमांवर चालत असल्यामुळे खेळाडूने त्याच हालचाली त्याच वेळी केल्या तर भुतेही नेमकी तशीच वागत. निळी पडल्यावर ती जी यदृच्छ वळणे घेतात असे वाटते, तीदेखील दर वेळी त्याच क्रमाने येत. परिणामी काही महिन्यांतच खेळाडूंनी टप्प्याटप्प्याचे ठरावीक मार्ग पाठ केले, ते कागदावर काढून एकमेकांना दिले, आणि १९८२ च्या सुमारास अशा मार्गांची पुस्तकेही अमेरिकेत धडाधड खपू लागली. पंचवीस सेंटच्या एका नाण्यावर निष्णात खेळाडू तासन् तास यंत्र अडवून बसू लागला, तेव्हा खेळाचा आनंद कमी झाला की नाही यावर दुमत होऊ शकेल, पण यंत्राच्या मालकाचा गल्ला हलका झाला यावर होऊ शकत नव्हते.

मालकांच्या याच अडचणीतून सुधारणा-किटांचा धंदा निघाला. नवे यंत्र विकत घेणे महाग असल्यामुळे जुन्याच यंत्राच्या सर्किट बोर्डावर बसवायचा एखादा छोटा जोडबोर्ड विकत घ्यायचा, ज्याने खेळ अधिक अवघड किंवा वेगवान होईल आणि पाठ केलेले मार्ग निरुपयोगी ठरतील, अशी ही सोय होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात डग मॅक्रे आणि केव्हिन करन या, एमआयटी या प्रसिद्ध तंत्रसंस्थेचे शिक्षण सोडून आलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’ या खेळासाठी ‘सुपर मिसाइल अटॅक’ नावाचे असे किट २९५ डॉलरला विकले. हे तरुण स्वतः विद्यार्थी-वसतिगृहात यंत्रे चालवत असत, म्हणजे गल्ला कधी आणि का आटतो हे त्यांनी मालक म्हणूनच पाहिले होते. १९८१ मध्ये अटारीने त्यांच्यावर दावा लावला, पण खटला शेवटाला गेला नाही. अटारीने दावा मागे घेतला, या तरुणांनाच खेळ तयार करण्याचे कंत्राट दिले, आणि त्यांनी मूळ निर्मात्याच्या परवानगीखेरीज यापुढे किट विकायचे नाही, असे ठरले.

त्या वेळी त्यांच्याकडे ‘पॅक-मॅन’साठीचे किट जवळजवळ तयार होते. ‘क्रेझी ऑटो’ असे त्याचे नाव होते आणि त्यातल्या गोल नायकाला पाय फुटलेले होते. तडजोडीच्या अटीमुळे ते परस्पर विकता येईना, म्हणून ते अमेरिकेत ‘पॅक-मॅन’चा परवाना असलेल्या मिडवे कंपनीकडे गेले. नामकोकडून पुढचा भाग येण्याची वाट पाहत बसलेल्या मिडवेला हे घरबसल्या मिळालेले घबाडच होते. नायकाची नायिका झाली, तिच्या डोक्यावर फीत, ओठांवर लाली आणि गालावर तीळ आला, आणि १९८२ च्या आरंभी ‘मिझ पॅक-मॅन’ बाजारात उतरला. नामकोला अंधारात ठेवून हा खेळ काढण्यात आला असे अनेक वर्षे लिहिले गेले. तथापि निर्मात्यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार नामकोचे प्रमुख मासाया नाकामुरा यांना तो आधी दाखवला होता, आणि नायिकेचे आधी योजलेले केस त्यांच्या सूचनेवरूनच काढून टाकले गेले.

या खेळाची तांत्रिक घडण त्याच्या गुणांशी थेट जोडलेली आहे. किट म्हणून विकायचे असल्याने नामकोचा प्रोग्राम नकलून घेणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे होते. म्हणून जोडबोर्ड मूळ यंत्राच्या प्रोसेसरच्या जागी बसवला जाई, मूळ प्रोग्राम आपल्या जागी तसाच चालू राही, आणि केवळ ठरावीक ठिकाणी त्यातल्या मोजक्या सूचनांऐवजी नव्या सूचना पुढे केल्या जात. याचा अर्थ असा की वळणावर जॉयस्टिक आधीच वळवून कोपरा कापण्याची सवय, भुतांच्या वेगाशी जुळलेला खेळाडूचा अंदाज, निळ्या भुतांमागे किती धावावे याचे तारतम्य, हे सारे नव्या खेळात अबाधित राहिले. कर्त्यांना मूळ खेळात फार ढवळाढवळ करता येत नव्हती, आणि ही अडचण त्यांच्या पथ्यावर पडली.

बदलले ते एवढेच. एका भुलभुलैयाच्या जागी चार आले, त्यांतील तिहींत बाजूने आरपार जाणाऱ्या बोगद्यांच्या दोन-दोन जोड्या होत्या. प्रत्येक टप्प्याच्या आरंभी लाल आणि गुलाबी भूत काही क्षण यदृच्छेने वळू लागले, आणि तेवढ्याने पाठ केलेले सगळे मार्ग मोडीत निघाले. पूर्वी भुलभुलैयाच्या मध्याखाली स्थिर उभे राहणारे बोनसचे फळ आता एका बोगद्यातून उड्या मारत आत येऊ लागले, फेरी मारून दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडू लागले. म्हणजे फळासाठी थांबायचे नसून त्याच्या मागे जायचे होते, आणि त्या मोहात जीव गमावण्याची संधीही भरपूर होती. टप्प्यांच्या मधल्या छोट्या दृश्यांत मूळ खेळात पाठलागाचे विनोद होते. इथे नायक-नायिकेची भेट, त्यांची धावपळ आणि अखेर करकोच्याने आणलेले बाळ अशी तीन अंकी गोष्ट सांगितली गेली. स्त्रियांना आर्केडकडे वळवण्याचा इवातानी यांचा मूळ हेतू लक्षात घेतला, तर नायिका पुढे करणे ही त्या हेतूची स्वाभाविक परिणती म्हणता येईल, जरी फीत आणि लाली यांच्या पलीकडे तिच्या चित्रणात फारशी कल्पकता दिसत नाही.

दोन्ही खेळ शेजारी ठेवून पाहिले तर त्यांचा फरक एका बाबतीत फार नेमकेपणाने दिसतो. ‘पॅक-मॅन’मध्ये मिळू शकणारे सर्वाधिक गुण निश्चित आहेत, ते ३३,३३,३६०; टप्प्यांची मोजणी आठ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतच, मावत असल्याने २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो आणि खेळ तिथेच संपतो. तो पूर्णपणे सोडवता येणारा खेळ आहे आणि ज्याला परिपूर्णतेचे आकर्षण आहे त्याला आजही तोच अधिक भावेल. ‘मिझ पॅक-मॅन’मध्ये सातव्या टप्प्यानंतर कोणते फळ येईल हे यदृच्छेवर असल्याने असा परिपूर्ण गुणांक संभवतच नाही. पहिल्या खेळात स्मरणशक्तीला मान आहे, दुसऱ्यात नजरेला आणि प्रसंगावधानाला. पुन्हा पुन्हा खेळण्याच्या कसोटीवर दुसरा खेळ निःसंशय वरचढ ठरतो, पण त्याच्या श्रेयाचा मोठा वाटा इवातानी यांच्या चार भुतांकडे जातो हे विसरता येत नाही; भुलभुलैया बदलला, मात्र त्यात पाठलाग करणारी बुद्धी उसनीच राहिली. अमेरिकेत या उत्तरभागाची एक लाखाहून अधिक यंत्रे विकली गेली, आणि तिथल्या आर्केडांत तो पूर्वजापेक्षा अधिक काळ टिकला.

इवातानी यांचा स्वतःचा उत्तरभाग ‘सुपर पॅक-मॅन’ हाही १९८२ मधलाच. त्यांनी वेगळी वाट धरली: ठिपके काढून टाकले, त्यांच्या जागी फळे आणि किल्ल्या ठेवल्या, किल्ली खाल्ली की भुलभुलैयातील दारे उघडत, आणि विशेष गोळी खाल्ल्यावर नायक अवाढव्य होऊन दारे तोडत व भुतांवरून निघून जात असे. कल्पना म्हणून यात नावीन्य अधिक आहे, परंतु ठिपके संपवत पडदा स्वच्छ करण्याचे जे साधे समाधान मूळ खेळ देत होता तेच यातून गेले, आणि भुतांचा धाक गेल्यावर पाठलागालाही अर्थ उरला नाही. मूळ कर्त्याला आपल्या कृतीची पुनरावृत्ती नको असते हे समजण्याजोगे आहे. परक्यांना तशी काही अडचण नव्हती.

घरच्या यंत्रांवरही हीच तुलना पुन्हा घडली. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी १९८२ मध्ये निघालेल्या ‘पॅक-मॅन’च्या सत्तर लाखांहून अधिक कार्ट्रिज खपल्या, पण चार किलोबाइटमध्ये कोंबलेल्या त्या आवृत्तीत भुते लुकलुकत होती आणि भुलभुलैया ओळखू येत नव्हता, त्यामुळे गिऱ्हाइकांचा मोठा हिरमोड झाला. पुढच्या वर्षी त्याच यंत्रासाठी आलेला ‘मिझ पॅक-मॅन’, जो जनरल कॉम्प्युटरच्याच लोकांनी दुप्पट स्मृती वापरून केला होता, मूळ आर्केड खेळाच्या कितीतरी जवळ जाणारा होता. भारतात मात्र हा क्रम पोहोचला नाही. महाराष्ट्रासह देशभरातल्या घरांत नव्वदच्या दशकात शिरलेली स्वस्त खेळयंत्रे जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि फॅमिकॉमसाठी नामकोने १९८४ मध्ये ‘पॅक-मॅन’ काढला होता. त्यामुळे तो मराठी घरांना परिचित झाला आणि त्याचा उत्तरभाग बहुतेकांना ऐकूनच ठाऊक राहिला.

मिडवेने पुढे चेंडूच्या पिनबॉल यंत्राशी जोडलेला ‘बेबी पॅक-मॅन’, प्रश्नमंजूषेचा ‘प्रोफेसर पॅक-मॅन’ असे खेळ काढून नाव खर्ची घातले आणि नामकोशी असलेले तिचे संबंध बिघडले. ‘मिझ पॅक-मॅन’चे हक्क नामकोकडे गेले, तरी प्रत्येक प्रतीवरचे मानधन जनरल कॉम्प्युटरच्या संस्थापकांना देणे चालूच राहिले. हा मानधनाचा हक्क पुढे ॲटगेम्स या कंपनीने विकत घेतला, त्यावरून नामकोची उत्तराधिकारी कंपनी बंदाई नामको आणि ॲटगेम्स २०१९ मध्ये न्यायालयात गेल्या, आणि २०२२ मध्ये निघालेल्या ‘पॅक-मॅन म्युझियम प्लस’ या संग्रहात हा खेळ घेतला गेला नाही; जिथे जुन्या खेळांत नायिका दिसत असे तिथे तिच्या जागी ‘पॅक-मॉम’ नावाचे नवे पात्र बसवण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयाने आपल्या जागतिक व्हिडिओ गेम सन्मानसूचीत ‘मिझ पॅक-मॅन’चा समावेश केला, ‘पॅक-मॅन’ त्या सूचीत २०१५ पासून होता.